लाट उभी राहत नाही

माधवनगर,
नोव्हेंबर १९४६

प्रिय हंबीर,

मागच्या दोन पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस, तेव्हा तिसरं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण चिडायला तरी समोर माणूस लागतो, आणि इथं मी ज्याच्यावर चिडतो ते एक पत्र्याचं खोकं आहे. त्याला शिव्या देऊन समाधान होत नाही. म्हणून तुला लिहितोय. पत्र फाडायचं असेल तर फाड, पण पुरतं वाचून फाड.

या खोक्याला ऑसिलोस्कोप म्हणतात. लढाई संपल्यावर लष्करानं विकायला काढलेल्या सामानातून आमच्या रेडिओच्या वर्गासाठी भडभडे मास्तरांनी ते आणलं. तोंडावर बशीएवढी गोल काच, आणि काचेत एक हिरवा ठिपका. ठिपका डावीकडून उजवीकडं इतका भरभर पळतो की नुसती रेघच दिसते. बिघडलेल्या रेडिओतली एक तार याला जोडली की त्या रेघेची लाट होते. ती लाट एका जागी उभी करायची, तिचा आकार बघायचा, उंची मोजायची, म्हणजे रेडिओला कुठं दुखतंय ते समजतं. एवढं सोपं आहे असं मास्तर म्हणतात. पोहता येणाऱ्याला विहीर सोपीच असते.

माझी लाट उभी राहत नाही. डावीकडं पळते म्हणून बटण केसभर फिरवावं, तर उजवीकडं पळते. पुन्हा केसभर मागं आणावं, तर तीन लाटा एकमेकींत अडकून गुंता होतो. त्यात शेजारच्या गिरणीची यंत्रं सुरू झाली की विजेचा जोर कमी होतो आणि जमत आलेलं सगळं आकसून जातं. खंडेनवमीला पोरांनी त्याला झेंडूची माळ घातली तेव्हा मीही एक फूल वाहिलं. म्हटलं, प्रसन्न होणार असेल तर होऊ दे बाबा. काही उपयोग झाला नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं तू म्हणशील. म्हण. पण एकदा या अंगणात येऊन नाचून बघ.

एकदा मात्र ती उभी राहिली. लाटेला धरून ठेवायचं एक वेगळं बटण आहे, ते मी शेवटपर्यंत पिळलं, आणि लाट खिळा ठोकल्यासारखी थांबली. मी छाती काढून मास्तरांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि ते बटण हळूच मागं फिरवलं. लाट पुन्हा पळाली. म्हणाले, "बशीर, ही तू दाबून उभी केलीस. दाबलं की तिचा आकार बदलतो. मग जे दिसतं ते रेडिओचं नसतं, तुझ्या बोटांचं असतं." हे ते रागानं बोलले असते तर बरं वाटलं असतं. ते नेहमीसारखे शांतपणे बोलले.

येत्या शनिवारी परीक्षा आहे. त्यात राहिलो तर वर्गातून नाव कमी होणार. मग रहिमतपूरला येऊन अब्बांच्या दुकानात पेट्रोमॅक्सच्या बत्त्यांना पिना मारत बसायचं, आणि साताऱ्यात रेडिओचं दुकान काढायचा आपला बेत चुलीत घालायचा. त्यातून परीक्षा जोडीनं द्यायची आहे. एकानं रेडिओपाशी बसून आवाज ऐकायचा, बटणं फिरवायची; दुसऱ्यानं या खोक्यापुढं बसून बघायचं. सगळ्यांच्या जोड्या ठरल्या. मला जोडीदार नाही. बुधगावचा गुंडा म्हणून एक भला माणूस आहे, त्याचा जोडीदार आजारी पडून घरी गेला. तो आपणहून मला म्हणाला, "चल की गड्या, आपुन दोघं बसू." मी त्याला नको म्हटलं. मास्तरांनी कारण विचारलं तर सांगितलं, माझा जोडीदार यायचाय.

माझं अडतंय कुठं, ते परवा कळलं. मास्तरांनी सरावाला एक फाटक्या आवाजाचा रेडिओ दिला. बाकीचे खोक्यात डोकं घालून बसले. मी कुणाचं लक्ष नाही असं बघून कानाला हेडफोन लावला, डोळे मिटले, ऐकलं आणि ठणकावून सांगितलं की स्पीकरचा कागद फाटलाय. स्पीकर उघडला, तर कागद नवा कोरा. कागद फाटला असता तर हेडफोनात आवाज चांगला आला असता, एवढंही मला सुचलं नव्हतं. बिघाड होता आतल्या एका व्हॉल्व्हमध्ये. लाटेचं डोकं तिथं विळ्यानं कापल्यासारखं सपाट झालेलं काचेत दिसत होतं. शेंबड्या पोराला दिसलं असतं. सगळा वर्ग हसला. मास्तरांनी हेडफोन काढून घेऊन कपाटात कुलपात टाकला. म्हणाले, "काय बिघडलंय ते कानाला कळतं. कुठं बिघडलंय ते बघायला लागतं. तुझे कान फार पुढं पुढं करतात, बशीर. डोळ्यांना कामच देत नाहीत."

याला मी काय करू, सांग. फौजेत सिग्नलच्या तुकडीत आपल्याला दुसरं काय शिकवलं होतं? ब्रह्मदेशात त्या वायरलेसच्या ट्रकमध्ये बसून आपण रात्रंदिवस कानानंच जगलो. आणि तू तर माझ्या दसपट. ताडपत्रीवर पाऊस बडवतोय, हवेत नुसती खरखर, आणि तू डोळे मिटून, न पेटवलेली विडी ओठात धरून ब्रिगेडचा टिंब-रेघांचा संदेश टिपून घेतोयस. मी विचारायचो, आरं, तुला ऐकू तरी कसं येतं? तू म्हणायचास, "गप रं. तुझ्या श्वासाचाबी आवाज हुतोय."

त्या दिवशी ट्रकशेजारी गोळा पडला तेव्हा मी पाणी आणायला गेलो होतो. तुझे दोन्ही कान गेले, माझे राहिले. यात माझा दोष नाही आणि तुझाही नाही, हे मला समजतं. तरी चीड येते. कुणाची ते कळत नाही, म्हणून जास्त येते. दिवाळीत तुझ्या मळ्यात आलो, पाटीवर लिहून या वर्गाचं सांगितलं, तुझंही नाव घालतो म्हणालो. तू तळहातानं पाटी पुसलीस आणि लिहिलंस, भैऱ्याला रेडिओ कशाला. मग पाटी माझ्या अंगावर टाकून उसात निघून गेलास. मला तेव्हा तुझा असा राग आला होता की स्टेशनापर्यंत मी स्वतःशी बडबडत गेलो. गेल्या आठवड्यात राहीकाकी अब्बांच्या दुकानावर आल्या होत्या. अब्बांनी त्यांचे शब्द जसेच्या तसे कळवले: "बशीरला सांगा, हंबीर दिसभर बांधावर बसतूय. कुणी बोलाया आलं की उठून जातूय. माझ्यासंगबी बोलत न्हाई." तुझी आई अशी कुणाच्या दुकानात जाऊन घरातलं सांगणारी बाई नाही, हे तुला मी सांगायला नको.

काल मी एक प्रयोग केला. इथं मी मामांकडं राहतो आणि मामा गिरणीत, तेव्हा घरात कापसाला तोटा नाही. दोन्ही कानांत बोळे कोंबले, वर मफलर बांधला आणि तसाच खोक्यापुढं बसलो. आधी घाबरल्यासारखं झालं. मग हळूहळू डोळे कामाला लागले. लाट पळते म्हणजे सगळी एकदम पळत नाही, तिची एक कड आधी सरकते, हे मला आजवर दिसलंच नव्हतं. त्या कडेवर नजर ठेवून बटण फिरवलं, अगदी हलक्या हातानं. लाट हळू झाली, रेंगाळली आणि उभी राहिली. दाबून नव्हे. मी तिची उंची मोजली, वहीत आकार काढला.

तेवढ्यात खांद्यावर थाप पडली. दचकून वळलो तर सगळा वर्ग माझ्याकडं बघून हसतोय आणि मास्तरांचे ओठ हलतायत. ते बराच वेळ मला हाका मारत होते म्हणे. गुंडानं हातवारे करून काहीतरी सांगितलं, पुन्हा हशा झाला. माझ्या अंगाची अशी आग झाली हंबीर, की हाताला पाटी लागली असती तर मी ती त्या भल्या माणसाच्या डोक्यात घातली असती. मग मी बोळे काढले, आणि गिरणीचा आवाज, पोरांची बडबड, सगळं परत आलं. मला ते काढता आले. जेवताना मामांनी दोनदा विचारलं, काय झालं.

आता हे पत्र कशासाठी ते लिहितो. मागची दोन पत्रं मी दयेपोटी लिहिली होती. तुझं मन रमावं, चार माणसांत बसावंस, वगैरे. त्यांना उत्तर दिलं नाहीस ते झकास केलंस. हे पत्र तसलं नाही. मी नापास होतोय. बोळे काढले की माझे कान पुन्हा मध्ये येतात, आणि बोळे घालून रेडिओ ऐकता येत नाही. माझ्यापाशी एकाचंच काम आहे, ऐकायचं. बघायला दुसरा लागतो, ज्याला ऐकण्याचा मोह पडणार नाही, आणि पावसाच्या खरखरीतून एक टिंब वेगळं काढण्याइतका ज्याला धीर आहे. असा माणूस मला एकच ठाऊक आहे आणि तो रहिमतपुरात बांधावर बसलाय. मास्तरांना मी तुझ्या कानांचं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "ऐकायला तू आहेस ना? मग त्याला बघायला बसव." ते खोकं तुला छळणार, मला छळतं त्याहून जास्त छळणार, चिडशील, शिव्या देशील. ये आणि इथं बसून दे. शनिवारच्या आत आला नाहीस तर मला गुंडाला हो म्हणावं लागेल, आणि ते मला म्हणायचं नाही. उद्यापासून रोज संध्याकाळच्या गाडीला मी माधवनगर स्टेशनवर येऊन उभा राहीन. हाका मारणार नाही. हात वर करीन.

तुझाच अडलेला,
बशीर