शेपटीचं झाकण

प्रिय लायल,

ट्रॉफीबद्दल अभिनंदन. घे, लिहिलं एकदाचं. तोंडाने म्हणणं मला जमलं नसतं.

एकाच हँगरमध्ये, एकाच शेगडीच्या उबेला आपण आपापली विमानं बांधली. माझं असं, की पत्र्यावरून हात फिरवला तर कुठे सांधा लागू नये. तुझ्याकडे डोकावावं तर तू धडधाकट पत्र्याला आणखी एक भोक पाडत असायचास. "मर्ल, जिथे हात पोचत नाही तिथली दुरुस्ती काय देव करणार?" असं वर मलाच ऐकवायचास. मी तुझ्या विमानाला चाळण म्हणायचो, आणि सगळे हसायचे. वाटायचं, घरी बांधलेल्या विमानांच्या मेळाव्यात याची चांगली जिरेल.

आज माझं विमान तुझ्या आधी उतरलं आणि उन्हात चकचकत उभं राहिलं. त्याच्या पंखाखाली एक म्हातारा सावलीला बसला, बाकी कुणी फिरकलं नाही. विस्कॉन्सिनभरचे लोक तुझ्या चाळणीभोवती! तू एकेक झाकण उघडतोयस आणि ते आत वाकून माना डोलावतायत. त्यावर आमच्या आर्लीनने कडी केली. माझे खांदे मावत नाहीत म्हणून दरवर्षी तपासणीला बायकोच शेपटीत सरपटत जाते, हे तुला ठाऊक आहे. तिने चारचौघांत बाही सरकवून कोपराचे ओरखडे दाखवले. "लायलने शेपटीला दार ठेवलंय. आमच्याकडे दाराच्या जागी मी आहे!" लोक खो खो हसले, तू तर डोळे पुसत होतास. आणि वर उद्या सकाळी तिला तुझ्याच विमानातून चक्कर मारायची आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मला तुझा हेवा वाटतो, लायल. ट्रॉफीचा कमी, त्या हसण्याचा जास्त. बायको माझ्या विमानाजवळ तशी कधी हसलेली मला आठवत नाही.

म्हणून संध्याकाळी तुम्ही सगळे तळलेले मासे खायला गेलात, तेव्हा मी तुझ्या विमानाकडे आलो. खोट काढायला. घासलेली तार, गंजाचा ठिपका, काहीही चाललं असतं. शेपटीचं झाकण एका बोटाने उघडलं, त्याचाही राग आला.

दुपारी कुणीतरी विचारलं ना, शेपटीतला दांडा सुटायला किती वेळ लागतो? तू ऐटीत सोडून दाखवलास, परत बसवलास, तेवढ्यात ट्रॉफीसाठी हाक आली आणि तू पळालास. त्या दांड्याचा नट नुसत्या हाताने फिरतोय. नट अडवणारी पिन घातलेलीच नाही. ती तळाशी पडली आहे. उद्या हवेत तो निसटला असता तर विमानाचं नाक वर-खाली करायला तुझ्या हातात काहीच उरलं नसतं. आधी मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मग आर्लीन आठवली. मग तू आठवलास, आणि तू तसाच उडू नयेस म्हणून मी झाकणच काढून घेतलं. हे पत्र तुझ्या सीटसमोरच्या, विमान हाकायच्या दांडीला बांधून ठेवतोय. वाचल्याशिवाय इंजिन सुरू करू नकोस. झाकण माझ्या तंबूत आहे, न्यायला ये. पिन आपण दोघं मिळून घालू. येताना पत्रा कापायची कात्री आण. माझ्या शेपटीवर मी पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे. दार मात्र चौकोनी हवं. तुझ्यासारखं गोल मुळीच नको.

तुझाच, अजूनही धुमसणारा,
मर्ल