आबांच्या माळावर झाड नको

प्रिय आबा,

आज तुमचं वर्षश्राद्ध. पंगती उठल्या आणि मी लिहायला बसले, कारण काल तुमच्या माळावरून मी गावाशी भांडले. तुम्हाला सांगितल्याशिवाय कसं राहवेल?

कळमनुरीहून येताना माळ लागला. बघते तर जागोजागी खड्डे, शेजारी कडुनिंबाची रोपं! सरपंच हसत पुढं आले. "ताई, आबाच्या नावानं झाडं लावून राहिलो आमी. सावली व्हईल." मी कपाळावर हात मारला. तुमच्या माळावर झाडं?

मी लहान असताना तिथं नुसते दगड होते. गावाची गुरं बारा महिने तिथंच. तुम्ही सगळ्यांना मारुतीच्या पारावर बसवलंत, बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावलीत: पेरणीपासून दिवाळीपर्यंत माळावर जनावर सोडायचं नाही. आणि पहिल्याच वर्षी आत कोण शिरलं? आपलीच कपिला! तिला तुम्ही स्वतः कोंडवाड्यात नेऊन बांधलंत. आई कितीतरी दिवस तुमच्याशी बोलली नाही. मी दुधासाठी रडत होते, आबा. थोडं तरी पाघळायचं होतंत!

पण मग कुणाची हिंमत झाली नाही. मारवेल, पवन्या अशी गवतं आली, दिवाळीनंतर घरोघरी गवताचे भारे गेले. मागोमाग काळवीट आले, चंडोल आले. 'राखीव' अशी वनखात्याची पाटी फार उशिरा लागली. माळ उजाड समजून रोपं आणणाऱ्यांना तुम्ही म्हणायचात, "माळ उघडा न्हाई बाप्पा, गवत नेसून बसलाय."

काल मी तेच म्हणाले, आणि झाडांच्या सावलीत हे गवत जगत नाही हेही. सरपंचांनी हातातलं रोप खाली ठेवलं.

"व्हय की! ध्यानातच न्हाई आलं. आबासाठी कायतरी करावं वाटलं, ताई." माझा राग कुठल्या कुठे गेला. प्रेमानंच चुकले होते बिचारे.

अंधार पडायच्या आत सगळ्यांनी खड्डे बुजवले. वर मारवेलाचे ठोंब लावले. रोपं शाळेच्या रस्त्याला गेली. "मग आबाची निशाणी काय ठेवायची?" सरपंचांनी विचारलं. "उद्या सांगते," म्हणून मी घरी आले.

आज सुचलंय. शब्द देते, आबा: माळावर तुमच्या नावाचं झाड, दगड, पाटी, काहीही उभं राहू देणार नाही. गवतच राहील. आणि कपिलेची पणती आपल्या गोठ्यात आहे. दिवाळीनंतरचा पहिला भारा तिला घालीन. कपिलेची तेवढी समजूत काढायची तुमची राहूनच गेली होती.

तुमची भांडखोर लेक,
सुमन