नाल्यातल्या माझ्या गाठी

सोमवारी सकाळी सडा टाकला, पाणी भरलं, तुमच्या भावाच्या फोटोचा हार बदलला. जुना हार प्लास्टिकच्या पन्नीत घातला, वर साडीच्या काठाची तिहेरी गाठ मारली आणि दर सोमवारसारखी ती पुलियावरून नाल्यात सोडून आले. (लिहिण्याच्या नादात नमस्कारच राहिला. सरलाताई, पाया पडते. सौसरला सगळे बरे ना? तुमचे गुडघे कसे आहेत?) मी बरी आहे. आमचं जोतं उंच, म्हणून परवाच्या पावसाचं पाणी पायरीवरच थांबलं. शेजारच्या यमुनाच्या घरात मात्र कमरेएवढं शिरलं. तिचे वर्षाचे गहू भिजले.

दोष कोणाचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. चहावाल्या मोतीरामचा, त्याच्या कपांनीच नाला तुंबतो. दोन पावसाळे मी यमुनाला हेच सांगत आले आणि ती बिचारी त्याच्याशी भांडत आली. म्हणून मोहल्ल्यात विधिक साक्षरता शिविर (कायदा समजावून सांगायचं) ठरलं, तेव्हा मोतीरामविरुद्ध अर्ज लिहून मी पहिल्या रांगेत जाऊन बसले.

वकीलबाई तेजस्विनी जेमतेम पंचविशीची, पण काय बोलली ताई! खुर्ची नको म्हणाली, चिखलात नाल्याच्या काठावर उभी राहिली. ओला-सुका कचरा वेगळा करून गाडीत देणं हे नगरपालिकेवर उपकार नाहीत, कायद्यानं ते आपलं काम आहे. नाल्यात टाकलं तर दंडाचं चालान होतं. आणि नाला साफ होत नसेल तर जाब विचारायचा हक्कही आपलाच. नियमांचं पत्रक वाचायला कोणी उठेना, तशी मी उठले. (शाळा चौथीपर्यंत, पण वाचायला मी कोणाला भीत नाही.) मोतीरामकडे बघून खणखणीत वाचत होते, तेवढ्यात सफाईवाल्या नत्थूजींनी पुलियाखाली आकडा घातला आणि पन्न्यांचा ढीगच वर ओढला. प्रत्येकीला साडीचा काठ, तिहेरी गाठ. अशाच गाठी मारून मी घरोघरी सांडगे वाटते.

"वैनी, थांबल्या काऊन?" मोतीराम म्हणाला. "चालानवालं पुन्हा वाचा ना!"

सगळे हसले. यमुना हसली नाही.

मी खरं ते सांगितलं. त्यांचा हार कचऱ्याच्या गाडीत टाकायला हात धजत नाही. वकीलबाईनं आधी त्यांचं नाव विचारलं. (उखाण्याशिवाय पहिल्यांदाच घेतलं, "भैय्याजी.") मग म्हणाली, "काकू, भैय्याजींचा हार अंगणात खड्डा करून पुरा. फक्त पन्नी नको." एवढी शिकलेली पोरगी, पण मला एका शब्दानं लाजवलं नाही.

तुमची,
कमल

ता. क. पुढचं शिविर सौसरला आहे. वकीलबाईला अंगण पाहिजे होतं, मी तुमचं सांगून टाकलं. चहा ठेवा. आणि पहिल्या रांगेत बसू नका, तुम्हालाही मी पुलावरून पन्नी सोडताना पाहिलं आहे.

ता. क. आणखी एक. यमुनाचं काय झालं, असं तुम्ही विचारालच. दुसऱ्या दिवशी मी फावडं-घमेलं घेऊन तिच्याकडे गेले आणि संध्याकाळपर्यंत तिच्या घरातला गाळ काढला.