आईच्या सत्तरीच्या गाण्यातलं माझं कडवं

कोपनहेगन, ९ मार्च १९७६

प्रिय बोडिलताई,

आठ महिने पत्र नाही, त्याबद्दल आधी माफी. दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा ‘माझं बरं चाललंय’ या वाक्यापाशी अडलो, कारण ते खरं आहे का, याचा निकाल लागेना. तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला? (त्यांचा विषय पुढे येणारच आहे.)

आईच्या सत्तरीच्या पंगतीत सगळ्यांनी मिळून गायचं, तू लिहिलेलं गाणं मिळालं. चालीवर छान बसलंय. तुझ्या कडव्यात तीन मुलं आणि बक्षीस मिळवलेली गाय, आणि माझ्या कडव्यात मी अजून शाळेत लॅटिन शिकवतोय! ताई, शाळा सोडून मला नऊ वर्षं झाली. अडतीस पाहुणे छापील कागद हातात धरून माझ्याबद्दल सुरात खोटं बोलणार, आणि खाली तुझी पेन्सिलीतली टीप: ‘तू न आलास तर बरं. लोक ओळखतील, आईला कळेल.’

ओळखतील, पण कसे? माझे ‘फक्त प्रौढांसाठी’चे चित्रपट तुमच्या गावात लागत नाहीत. मला ओळखायचं तर आधी बस पकडून, तिकीट काढून अंधारात बसावं लागतं. मग ‘हाच तो!’ म्हणायला भर पंगतीत उठणार कोण? त्या टेबलावर माझ्याइतका निर्धोक पाहुणा दुसरा नाही. गेल्या ऑक्टोबरात भावोजी चर्चच्या बैठकीसाठी इथे आले होते ना, तेव्हा सिनेमागृहाच्या दारातच भेटले. “अरे, पाऊस आला म्हणून जरा आत शिरलो होतो,” म्हणाले. बाहेर लख्ख ऊन होतं. (हे तुला सांगावं की नाही, यावर डायरीची चार पानं भरली. पाचव्या पानावर तुझी टीप आठवली.)

तुला वाटतं, मी इथे मजा मारतो. अगं, दिव्यांच्या उकाड्यात चार-चार तास जातात, आणि तीनच्या ठोक्याला प्रणय असेल त्या टप्प्यावर सोडून सगळे पंचे गुंडाळून कॉफी आणि केक घेत बसतात, हवापाण्याच्या गप्पा मारत. पहिल्या चित्रपटात मी नळ दुरुस्त करणारा होतो. पाना कसा धरतात, असं विचारलं तर दिग्दर्शक लॉरिट्स खेकसला, “पान्याकडे कोण बघतंय, गाढवा!” बाबांनी जन्मभर गावाचे नळ जोडले, पण मला पान्याला हात लावू दिला नाही. मुलगा शिकावा म्हणून. मी शिकलो, आणि शेवटी पाना हातात आला तो असा.

आता सेहेचाळिसाव्या वर्षी बढती मिळालीय: अवेळी घरी परतणारा नवरा. कोटसुद्धा काढावा लागत नाही. (पहिल्या दिवशी हायसं वाटलं, दुसऱ्या दिवशी अपमान. यातलं खरं कोणतं, ते अजून ठरलेलं नाही.)

मुलांना आशीर्वाद.

तुझा,
एस्किल

ता. क. एवढा फाफटपसारा ज्यासाठी मांडला ते मागणं एका ओळीचं आहे: लॅटिन काढ, ‘सिनेमात काम करतो’ एवढंच घाल, आणि मला आईशेजारी बसू दे.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तेवढ्यात आईचा फोन. तिच्या शिवणमंडळाच्या नऊजणी बसने शहरात जाऊन माझा तो नळवाला सिनेमा पाहून आल्या. पुन्हा लागलाय म्हणे. “बाकीचं काय, चालायचंच,” आई म्हणाली, “पण पाना उलटा धरलास रे! नऊजणींदेखत! तुझ्या बाबांचं नाव घालवलंस.” आणि पुढे: “वाढदिवसाला लवकर ये. ते गेल्यापासून स्वयंपाकघरातला नळ गळतोय. आणि बोडिलला म्हणावं, गाणं मी चोरून वाचलंय, त्यातलं ते लॅटिन काढ. बायका हसतील.”

उद्या: कोपऱ्यावरच्या नळवाल्याकडे जाऊन पाना सुलटा धरायला शिकणे.