आपल्या रानातून जाणारा रस्ता

अप्पा,

रस्त्याचा निर्णय आपल्या विरुद्ध गेला. हे वाक्य प्रथमच लिहून टाकतो, कारण तुम्हांस प्रस्तावना आवडत नसे. कोणी लांबून बोलू लागला की तुम्ही "मुद्द्याचं बोल, बैल उभे हायत" असे म्हणत असा. तर मुद्दा असा, की अक्कलकोट रस्त्यालगतचे आपले रान आता शहराच्या हद्दीत आले आहे. पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शेजाऱ्यांनी आपापल्या जमिनींचे प्लॉट पाडले. त्या दोघांचे रस्ते आपल्या बांधापाशी येऊन थांबतात, आणि शहराच्या विकास आराखड्यात ते दोन्ही रस्ते एकमेकांस जोडणारी एक सरळ रेषा आपल्या रानातून काढलेली आहे. ती रेषा बरोबर चिंचेखालून जाते. जिथे तुम्ही आमच्या आईला, अव्वाला, बसवले, जिथे आम्ही तुम्हांला बसवले, आणि जिथे गेल्या वर्षापासून तुमची थोरली सूनही बसलेली आहे. ती रेषा थोडी सरकवावी, एवढाच माझा अर्ज होता. तो नामंजूर झाला.

ती गेली, हे तुम्हांस कळवण्याचे कारण नाही. ती तुमच्याच शेजारी आहे. परंतु ती तिथे कशी आली, हे मला लिहिले पाहिजे. आराखड्याचा नकाशा जेव्हा लोकांना पाहण्यासाठी भिंतीवर लावला होता, तेव्हा मी तो जाऊन पाहिला होता. निवृत्तीनंतरही मला अशा गोष्टी वेळेवर करण्याची सवय होती. आपल्या गटावर शाळेचे, बागेचे, बाजाराचे असे कोणतेही आरक्षण नव्हते. सगळा गट पिवळ्या रंगात, म्हणजे रहिवास विभागात होता. मी समाधानाने घरी आलो. ती स्वयंपाकघरात उखळात शेंगांची चटणी कुटत बसली होती. मी सांगितले, आपल्या रानाला पिवळा रंग मिळाला आहे, काळजीचे कारण नाही. ती कुटता कुटता म्हणाली, "हळद लागली म्हणा की रानाला. आता ते दुसऱ्याच्या घरी नांदायला जाणार." मी तिला रहिवास विभाग म्हणजे काय, हे समजावून सांगू लागलो. ती हसून म्हणाली, "इरली बिड्री." राहू द्या, सोडा. मैंदर्गीची ती, मला गप्प करायचे असले की तिला माहेरची कानडी आठवत असे.

मी नकाशात रंग पाहिला होता, रेषा पाहिली नव्हती. पिवळ्या रंगावर ती बारीक काळी रेषा तेव्हाही होती. हरकत घेण्याची मुदत होती, त्या काळात तिचे दुखणे उघड झाले, आणि मी कार्यालयाऐवजी इस्पितळाच्या बाकावर बसू लागलो. मुदत संपली, आराखडा मंजूर झाला, आणि त्यानंतर ती गेली. धाकटा कुर्डुवाडीहून पहिल्या गाडीने आला. अंगणात मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "अण्णा, वहिनीला समाजाच्या जागेत नेऊ की. तितं भिंत हाय, नळ हाय, राखण हाय. रानाचं आता काय खरं न्हाई." मी त्याला गप्प केले. तिने मला एकदा स्पष्ट सांगून ठेवले होते, की ती आधी गेली तर तिला अप्पांच्या शेजारी बसवावे. "अव्वांची माझी वळख न्हाई, पण अप्पांशी बोलायला बरं वाटतं. तुम्ही मागनं या सावकाश. आलात की आधी आमची कागदपत्रं तपासत बसाल." ते तिने थट्टेने म्हटले होते, पण मी ते वचन मानले. तुम्ही तिला दिलेल्या अव्वाच्या चांदीच्या करडगीतून तिचे इष्टलिंग काढून स्वामींनी तिच्या डाव्या तळहातावर ठेवले, आणि रिकामी करडगी माझ्याकडे राहिली. म्हणजे, अप्पा, रस्ता तिच्यावर आला असे म्हणता येत नाही. रस्ता आधी ठरलेला होता. मी तिला नेऊन रस्त्यात बसवले.

धाकट्याने प्लॉट पाडण्याचा विषय काढला तेव्हाच मला ती रेषा प्रथम दिसली. त्याला दोष देऊ नका. रेल्वेत जन्म घालवून तो निवृत्त झाला आहे, दोन्ही मुलांना घरापुरती जागा द्यावी, एवढीच त्याची इच्छा आहे. आणि रानात आता पीक घेणे कोणास शक्यही नाही, कारण दोन्ही बाजूंनी घरे उठली आहेत व विहिरीत त्यांचे सांडपाणी उतरते. तो नकाशा माझ्यापुढे पसरून बसला होता. मी त्या रेषेवर बोट ठेवले आणि बराच वेळ ते उचलले नाही. तो म्हणाला, "अण्णा, रस्ता काय आपण मागितलाय व्हय? दोन्हीकडनं आणून दारात सोडलाय की. आपण प्लॉट पाडले तरी जाणार, न्हाई पाडले तरी जाणार." वाटणी करून तेवढा तुकडा माझ्या हिश्श्यास घ्यावा, असेही मी सुचवले. जमीन कोणाच्याही नावावर असली तरी रेषा तिथेच राहते, हे मला त्याने सांगावे लागले.

नकाशा काढणाऱ्या अभियंत्याने मात्र एक मार्ग दाखवला. प्लॉट पाडताना दहावा हिस्सा जागा मोकळी सोडावी लागते. ती मोकळी जागा चिंचेभोवती घ्यावी आणि रस्त्याला किंचित वळण देण्याची विनंती करावी, असे तो म्हणाला. त्याने तसा नकाशा काढलाही. त्यात चिंच हिरव्या गोलाने दाखवली होती आणि रस्ता तिला वळसा घालून जात होता. तो कागद मी घरी आणून देवघराच्या भिंतीला टाचणीने लावला. काही आठवडे मी तिथे कमरेइतके कुंपण घालण्याचा, एक बेल लावण्याचा विचार करत असे. त्या काळात मला झोप लागत असे, हे नमूद करतो.

सुनावणीला अधिकारी म्हणून एक तरुण मुलगी होती. तिने मला उभे राहू दिले नाही. "काका, बसून बोला," म्हणाली. माझा अर्ज तिने पूर्ण वाचलेला होता. अर्जात मी "समाधिस्थ" असा शब्द योजला होता, पण बोलताना तोंडून "बसवले" असे गेले, तेव्हा तिने विचारले, "बसवलेत म्हणजे, काका? मूर्ती आहेत का तिथे?" मी तिला आपली रीत सांगितली, की आपल्यात माणसाला जाळत नाहीत आणि निजवतही नाहीत, पद्मासनात, हातावर लिंग देऊन, विभूतीत आणि मातीत बसवतात. ती ऐकत राहिली. मग तिने पडद्यावर आपले रान दाखवले. वरून पाहिलेले रान मी कधी पाहिले नव्हते. "झाड दिसतंय, काका. बाकी काही दिसत नाही. आणि सातबाऱ्यावर पण काही नोंद नाही. नोंद असती तर आखणी करतानाच कुणीतरी बघितलं असतं." मी थोड्या वळणाची विनंती केली. तिने दोन्ही बाजूंची टोके दाखवली. टोके ठरलेली, त्या बाजूंची घरे बांधून झालेली; एकासाठी वळण दिले तर पुढच्या प्रत्येक अर्जदाराला द्यावे लागेल, आणि मोकळी जागासुद्धा सर्व प्लॉटधारकांची होते, तिथे कोणाच्या घरची समाधी ठेवता येत नाही. तिचे एकही विधान चुकीचे नव्हते. तुमचा नांगर त्या जागी वळत असे, तेवढ्या ठिकाणी आपल्या रानातले तास वाकडे जात, आणि बैलांनाही ते सांगावे लागत नसे, हे मला तिला सांगावेसे वाटले. पण ते अर्जाच्या विषयात बसत नव्हते. मी आभार मानून उठलो.

नोंदीचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी कॉलेजात होतो, आणि अव्वाला जाऊन फार दिवस झाले नव्हते. मी विहिरीच्या थारोळ्याशी तुमच्यासमोर उभा आहे आणि मोठ्या विद्वत्तेने सांगतो आहे, की अव्वाच्या जागेची तलाठ्याकडे नोंद करून घेऊ, पुढे उपयोगी पडेल. तुम्ही बैलाच्या मानेवरून हात काढत नाही. "कॉलेज शिकलास म्हणून घरच्या माणसाची वर्दी तलाठ्याला देतोस व्हय? ती कुटं बसलीय ते मला ठावं, तुला ठावं. सरकारला काय तिला हाळी मारायचीय?" त्या दिवशी तुम्ही माझ्याशी दुसरा शब्द बोलला नाहीत. मी तो विषय पुन्हा काढला नाही. तुम्ही गेल्यानंतरही नाही, कारण तुमचा शब्द मोडणे मला प्रशस्त वाटले नाही. मी तुम्हांस दोष देत नाही. नोंद असती तर रेषा सरकली असती, असे ती मुलगीही म्हणाली नाही. कोणीतरी बघितले असते, एवढेच ती म्हणाली.

निर्णयानंतर मी स्वामींकडे गेलो. तुमच्या वेळच्या स्वामींचे हे नातू. मी विचारले, की तिघांना विधिपूर्वक उचलून समाजाच्या जागेत नेता येईल का. ते म्हणाले, "सर, लिंगात मिळालेलं माणूस परत मागायचं नसतं. माती दिली ती दिली. आणि उचलायचं म्हणाल तर काय उचलणार?" ते त्यांनी कठोरपणे म्हटले नाही. प्लॉटच्या मंजुरीसाठी जागेवर काय आहे ते लिहून द्यावे लागते; नामंजूर झालेला अर्ज त्या फायलीत जात नाही. म्हणून आता दोनच गोष्टी शिल्लक राहिल्या. तिथे समाध्या आहेत असे लिहून दिले, तर नियमाप्रमाणे त्या हलवून घ्याव्या लागतात. तिथे काही नाही असे लिहून दिले, तर कोणी उकरत नाही, वरून खडी आणि डांबर पडते. धाकटा म्हणाला, "राहू देत की अण्णा जिथल्या तिथं. वरनं रस्ता गेला तर त्यास्नी काय त्रास? पावसात भिजायचे तरी न्हाईत." एवढे बोलून तो तोंड फिरवून रडला. दुसऱ्या दिवशी त्यानेच तिन्ही जागांवरचे दगड काढले. मला त्याने येऊ दिले नाही.

अव्वा गेल्यावर तुम्ही कसे जगलात, हे मी तुम्हांस कधी विचारले नाही. तेव्हा मला त्यात विचारण्यासारखे काही दिसले नाही. मला आठवते, ते तुम्ही चुलीपुढे उकिडवे बसला आहात. भाकरी तव्यावर टाकताना फाटते, तुम्ही ती बोटांनी सांधता आणि आमच्याकडे न पाहता ताटात टाकता. धाकटा एकदा म्हणाला, "अप्पा, ही भाकरी न्हाई, नकाशा हाय," आणि तुम्ही हसलात. त्या वर्षातले तुमचे तेवढेच हसणे मला आठवते. दुपारची भाकरी मात्र तुम्ही फडक्यात बांधून नेत असा आणि चिंचेखाली तिच्याजवळ बसून खात असा. तुम्हांस जाण्यासाठी जागा होती. मी दुकानातून कडक भाकरी आणतो. ती महिनोन्‌महिने टिकते, हा तिचा गुण मानला जातो. पाण्यात किंवा आमटीत मोडून घालावी लागते आणि ती मऊ होईपर्यंत वाट पाहावी लागते. त्या वेळात मी काय करावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

गेल्या आठवड्यात मी प्रतिज्ञापत्रावर सही केली. "सदर जमिनीवर कोणतेही बांधकाम, समाधी अगर धार्मिक स्थळ नाही." नोकरीच्या सगळ्या काळात मी इतरांची अशी शेकडो विधाने तपासली, आणि जागेवर जाऊन खात्री केल्याशिवाय एकही पुढे पाठवले नाही. हे मी दोनदा वाचले. वाक्यरचनेत काही चूक नव्हती. सीमांकनाचे लोक येऊन खांब रोवून गेले. चिंच रस्त्यात येते म्हणून तिच्यावर चुन्याची फुली मारली आहे. सांडपाण्याच्या नळासाठी चर खणतात, तो रस्त्याच्या मधोमध खणतात की कडेने, हे मी अभियंत्याला विचारले नाही. विचारले असते तर त्याने सांगितले असते.

हे पत्र सोमवारी बेल घेऊन येईन तेव्हा तिथे बसून तुम्हांस वाचून दाखवावे, असा विचार होता. तो आता सोडून दिला आहे. तुमच्या आणि तिच्या मध्ये हातभर माती आहे; तुम्हांस जे वाचून दाखवीन, ते तिलाही ऐकू जाईल. तिला मी अजून काही सांगितलेले नाही. मागच्या सोमवारी मी दगड नसलेल्या त्या जमिनीवर अंदाजाने तिच्यासमोर बसलो, आणि काही वेळाने आपण होऊनच तिला म्हणालो, की अर्ज विचाराधीन आहे.