दुसरा ब्रेक

प्रिय दादा,

एखाद्याला मदत करता करता आपण त्याच्या लपवाछपवीत सामील होतो, तो नेमका दिवस कोणता, हे सांगता येतं का? गेले दोन दिवस मी तो दिवस शोधतेय आणि मला सापडत नाहीये. हे फोनवर सांगायला गेले असते तर तू मध्येच मला हसवलं असतंस आणि माझा मुद्दा राहून गेला असता. म्हणून पत्र. घरातले सगळे अर्ज नि फॉर्म 'शिकलीयेस ना, मग लिही' म्हणून माझ्याकडे येतात, त्यामुळे लिहायची सवय आहे. पण हे लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही.

आधी घरची खुशाली. आईचा गुडघा बरा आहे, जिना उतरताना मात्र ती अजून प्रत्येक पायरीला नावं ठेवते. माझी नोकरी छान चाललीय. आमच्या कंपनीच्या नव्या वॉकरची मूठ मी सुचवली तशी झाली, आणि परवा एक आजी ती धरून कारखान्याच्या अंगणात तीन फेऱ्या मारून गेल्या. मी खिडकीतून बघत होते. अशा दिवशी मला वाटतं की आपण शिकलो ते फुकट गेलं नाही.

गाडीही ठीक आहे. ठीक म्हणजे तुला माहीत आहेच. एकतीस वर्षं कारखान्याची बस चालवून निवृत्त झालेल्या माणसाने जुनी चारदारी गाडी घेतली, ती आता सतरा वर्षांची झाली आणि तरी तिच्या इंजिनाचा आवाज आपल्या मिक्सरपेक्षा कमी आहे. रविवारी सकाळी चहा झाला की बॉनेट वर. ऑइलची पट्टी काढायची, जुन्या बनियनने पुसायची, पुन्हा बुडवायची, उजेडात धरून बघायची. मग पाणी, मग पट्टा बोटाने दाबून, मग चारही टायर आणि पाचवा डिकीतला, ज्याची कुणालाच आठवण नसते. आई म्हणते, स्वतःचं रक्त तपासायला दोन वर्षं टाळाटाळ करतील, पण गाडीचं ऑइल दोन दिवसही पुढे ढकलणार नाहीत. आणि गाडीसमोर गाडीबद्दल वाईट बोलायचं नाही, हा तर आपल्या घरातला कायदाच. एकदा तू 'हिला आता विकून टाका' म्हणालास तेव्हा बाबांनी तुला बाजूला नेऊन समजावलं होतं, आठवतंय?

दोन वर्षांपूर्वी या गाडीच्या एकाच बाजूला ओरखडे यायला लागले. फाटकाच्या खांबाला घासून. बाबा म्हणाले, खांब सरकलाय. आई म्हणाली, हो तर, रोज सकाळी फिरायला जातो तो. दोघं हसले. मी हसले नाही, कारण त्याच आठवड्यात मी बाबांची डोळ्यांच्या दवाखान्याची फाइल उघडली होती. आपल्याला त्यांनी 'थेंब घालायला दिलेत, बाकी काही नाही' एवढंच सांगितलं होतं. आत एक कागद होता, दोन्ही डोळ्यांचे दोन गोल, आणि त्यांच्या कडा काळ्या, कागद जळत आत येतो तशा. काचबिंदू. समोरचं त्यांना अजून स्वच्छ दिसतं, पेपर वाचतात, आईला सुई ओवून देतात. पण बाजूचं दिसणं गेलंय आणि गेलेलं परत येत नाही. थेंब फक्त उरलेलं राखण्यासाठी. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, गाडी चालवू नये. फाइल मी होती तशी ठेवून दिली.

का, ते सांगायचा प्रयत्न करते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी थरथरत्या हातांसाठी चमचा बनवला होता, तुला फोटो पाठवला होता. ज्या आजोबांवर तो करून पाहिला, त्यांनी चार वर्षांनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने सूप प्यायलं आणि मग चमचा परत द्यायलाच तयार होईनात. त्या दिवसापासून मला वाटत आलंय की माणसात काही कमी नसतं, त्याच्या हातातल्या वस्तूत असतं. वस्तू सुधारायची, बस. मग बाबांच्या बाबतीत मी वेगळं काय करणार होते? मी गाडी सुधारायला घेतली. आत रुंद आरसा लावला. बाहेरच्या आरशांवर छोटे फुगीर गोल आरसे चिकटवले. मागे सेन्सर बसवले, खांबांवर पांढरे पट्टे मारले. बाबा खूश. म्हणाले, अगं ही गाडी आहे की केस कापायचं दुकान? पण रोज सगळे आरसे स्वतः पुसायचे. आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही की हे सगळं कशासाठी चाललंय.

आरशात मागचं दिसतं, दादा. पुढून, कडेच्या गल्लीतून येणारं दिसत नाही. एका संध्याकाळी तशीच एक सायकलवाली बाई आली. मी ओरडले, बाबांनी ब्रेक मारला, ती बाई बॉनेटवर हात टेकवून क्षणभर उभी राहिली, तिने आमच्याकडे बघितलं आणि ती गेली. त्या दिवशी बोलायला हवं होतं. मी काय केलं, तर तिसऱ्या दिवशी पानाकाकांच्या गॅरेजमध्ये गेले.

हो, तोच दुसरा ब्रेक आणि क्लच, शेजारच्या सीटपुढचा, ज्यावरून तू मला 'ड्रायव्हिंग स्कूल काढलंस काय' म्हणून चिडवलंस. काकांनी भंगारात निघालेल्या शिकवणीच्या गाडीची पेडलं काढून आपल्या गाडीला जोडून दिली. म्हणाले, दोन पायांचं जनावर चार पायांचं केलंस, आता शेपूट तेवढं राहिलं. खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीला गाडी शिकवायचीय, असं मी घरी सांगितलं. आणि खरंच शिकवली, तिला आता लायसन्सही मिळालंय. आपलं खोटं अर्धं तरी खरं असावं, अशी माझी धडपड. मी निघताना काका बिचारे म्हणाले होते, तार एकच आहे बरं, इकडे दाबलंस की तुझ्या बाबांच्या पायाखालचंही खाली जाणार. मी म्हटलं, त्यांचा पाय तेव्हा दुसऱ्या पेडलवर असतो, त्यांना काय कळणार? काकांनी हात पुसले आणि म्हणाले, तू शिकलेली, तुला जास्त कळतं.

असे आठ महिने गेले. बाजार, बँक, आईचा दवाखाना. बाबा चालवायचे, मी शेजारी बसायचे आणि दोन्ही बाजू बघायचे. गल्लीतून कुणी आलं की माझा पाय हळूच खाली. इतकं सवयीचं झालं की मला त्याचा अभिमान वाटायला लागला होता. एकदा बाबा म्हणाले, पानाने ब्रेक काय सेट केलेत गं, माझ्या मनात यायच्या आधी लागतात. मी खिडकीबाहेर बघत 'हो ना' म्हणाले. मला वाटलं, जमलं. बाबांची गाडी सुटली नाही, कुणाला लागलं नाही, कुणाचं मन दुखावलं नाही. कुठल्या पुस्तकात याहून चांगलं उत्तर असणार होतं?

परवाच्या मंगळवारी आईची औषधं संपली. मी कामावर होते. आईने बाबांना म्हटलं, चला, गाडीने जाऊन येऊ. बाबा म्हणाले, पोरगी येऊ दे, क्लच आवाज करतोय. मी आल्यावर आईने ते सांगितलं, आणि वर म्हणाली की गेल्या महिन्यात बॅटरी उतरली होती, त्याआधी टायर बसला होता, तुमच्या त्या गाडीचं आता सगळंच उतरत चाललंय. दादा, ती बॅटरी नवी आहे. टायरमध्ये दर रविवारी हवा बघितली जाते. औषधांचं दुकान तोवर बंद झालं होतं, पण खात्री करायला मी किल्ली घेतली, बाबांना शेजारी बसवलं आणि चार गल्ल्या फिरून आले. क्लच लोण्यासारखा. आणि फाटकापाशी गाडी थांबवताना माझ्या डोक्यात उजेड पडला की ज्या माणसाने आजवर गाडीबद्दल वाकडा शब्द खपवून घेतला नाही, तो तिच्यावर खोटे आळ घेतोय, कारण मी शेजारी नसताना तो ती बाहेर काढत नाही.

मी म्हटलं, बाबा, क्लचला काही झालेलं नाहीये. ते म्हणाले, माहीत आहे. मग म्हणाले, एकतीस वर्षं माझा पाय ब्रेकवर होता गं. माझ्या पायाखालचं पेडल दुसऱ्या कुणी दाबलं तर मला पहिल्याच दिवशी कळणार नाही? त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं. बोलले असते तर मला वाईट वाटलं असतं, असं त्यांना वाटलं. मी इतकी मेहनत घेतली होती. आणि खरं सांगायचं तर, म्हणाले, मलाही सोडवत नव्हतं.

मग त्यांनी आपण होऊन एका दिवसाचा विषय काढला, आणि त्या दिवसासाठी हे पत्र आहे. गेल्या सुट्टीत तुम्ही तिघं आला होतात, आणि आपण सगळे तळ्याकाठी निघालो होतो. तू तुझ्या ठकीला मागे बसवून तिचा पट्टा लावलास आणि माझ्या खांद्यावर थोपटून म्हणालास, बाबा चालवतायत ना, मग मला मागे निवांत झोपता येईल. आणि खरंच झोपलास. त्या प्रवासात मी नऊ वेळा ब्रेक दाबला. मी मोजले होते. बाबाही मोजत होते. त्यांचेही नऊच. पण ते मला म्हणाले, शाळेजवळच्या चौकात ठकीने तुला हाक मारली आणि तू मागे वळून तिच्याशी बोलायला लागलीस. मला कडेचं दिसत नव्हतं. मी समोर बघत होतो आणि पेडल खाली जायची वाट बघत होतो. ते गेलं नाही, म्हणून मी पुढे गेलो. मला ती हाक आठवते, दादा. तिला तिच्या बाहुलीचा बूट सापडत नव्हता. मी तो शोधत होते, ते माझ्यावर भरवसा ठेवून होते, आणि त्या चौकात तुझ्या मुलीला घेऊन जाणारी गाडी कुणीच चालवत नव्हतं. काही झालं नाही ते केवळ रस्ता मोकळा होता म्हणून. फाइल वाचली त्याच दिवशी मी तुला फोन करायला हवा होता. तुझी मुलगी त्या गाडीत बसवायची की नाही, हे ठरवायचा हक्क तुझा होता आणि तो मी माझ्याकडे ठेवून घेतला. तू रागावलास तर मी काही म्हणणार नाही. वहिनींनाही हे वाचायला दे. पुढच्या महिन्यात बाबा स्टेशनवर न्यायला येतील, असं त्यांनी तुला फोनवर सांगितलंय. ते येतील, पण गाडी मी चालवेन, आणि तुम्हाला टॅक्सीने यायचं असलं तरी आम्ही तुमच्या मागोमाग घरी येऊ. काल सकाळी मी गाडीखाली झोपून दोन्ही पेडलं काढली, तार कापली आणि गाडीच्या तळातली भोकं बुजवली. बाबा बाहेर स्टुलावर बसून पाने हातात देत होते, एकही चुकीचा दिला नाही. एवढंच विचारलं की रविवारी बॉनेट कोण उघडणार, आणि मी म्हटलं, तुम्हीच, मला ऑइलची पट्टी अजून धड वाचता येत नाही. मग मी त्यांच्याकडे किल्ली मागितली. त्यांनी ती साखळीतून सोडवून दिली, वळसा घालून दुसऱ्या दाराने आत बसले, आणि सवयीने पट्टा ओढायला त्यांचा हात नको त्या खांद्यामागे गेला. मी माझ्या बाजूने वाकून त्यांचा पट्टा लावला, आणि आम्ही आईची औषधं आणायला निघालो.

तुझीच,
धाकटी