हवेची बोट आणि पिसांच्या माश्या

३ मार्च, सोमवार

आली एकदाची बोट! खोक्यातून काढली तर करडी, घडी घातलेली, रबराचा वास मारणारी. न वाळलेली सतरंजी बरी.

आमच्या ह्यांनी जन्मभर लिफ्ट तपासल्या. माणसं नीट वर जातात का, नीट खाली येतात का, एवढंच बघितलं. आता रिटायर झाल्यावर आडवं जायचंय! तेही मासे पकडायला, पाण्यावरून, हवेच्या पिशवीत बसून, हार्ट अटॅक येऊन गेल्यावर. डॉक्टर म्हणाले होते — जोर लागेल असं काही करू नका, एकटे लांब जाऊ नका, आणि मन रमवा. ह्यांनी शेवटचं तेवढं ऐकलं.

खोक्यावर दोन माणसांचं चित्र आहे. "दुसरं कोण?" म्हटलं. "सामान ठेवायला जागा नको का?" म्हणाले. बरं झालं, कळलं.

लेकीला फोन केला. "आई, करू दे ना बाबांना. किती दिवसांनी हसले." हसतील नाहीतर काय! निस्तरायला मी आहे.

५ मार्च, बुधवार

बैठकीच्या खोलीत बोट फुगवली. सोफा भिंतीला लावला, टीपॉय उलटा करून माझ्या शिलाई मशीनवर. मी म्हटलं, "अहो, दारातून जाईल का?" "मापं घेतलीत." घेतली होती — बोटीची. दाराची राहिली! मग तिरकी करून झाली, उभी करून झाली, मला आतून ढकलायला लावून झालं. शेवटी हवा सोडली. फुस्सऽऽ.

आणि हा माणूस लिफ्टच्या दरवाज्यांना पास-नापास करायचा!

८ मार्च, शनिवार

ह्या मासेमारीला गांडूळ चालत नाही, कणकेची गोळी चालत नाही. फार खानदानी प्रकार आहे म्हणे. गळाला पिसं आणि रंगीत दोरा गुंडाळून खोटी माशी करायची. ती लांब दोरीला बांधून काठीने आधी पार मागे भिरकवायची, मग पुढे. पाण्यावर ती अलगद उतरली पाहिजे. मासा ती खरी समजतो आणि फसतो. इथे बाजारात मासे रांगेने मांडून ठेवलेत, पण नाही!

अंगणात तालीम चालली होती. गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधलेला. मी मागे कपडे वाळत घालत होते, तर सट्कन लोकर डोळ्याखाली! लागलं काहीच नाही, पण मी ओरडले. हे पांढरेफटक. "लोकर होती म्हणून... गळ असता तर डोळा गेला असता." मी म्हटलं, "मासा नाही तर नाही, बायको तरी गळाला लागली!" हसले नाहीत. काठी टेकवून आत जाऊन बसले.

एवढा जीव लहान तर घ्यायची कशाला काठी हातात?

९ मार्च, रविवार

सकाळपासून जेवणाच्या टेबलावर पकड घेऊन बसलेत. माश्यांची डबी पुढ्यात. टक. टक. "काय चाललंय?" "माश्या नीट करतोय." मी जवळ गेले की डबीचं झाकण बंद! जसं काही मी पिसं चोरणार आहे.

संध्याकाळी केर काढताना तारेचा इवलासा टोकदार तुकडा टाचेत घुसला. बोलायचं ते सगळं बोलले. ह्यांनी सुपली घेतली आणि टेबलाखाली वाकून तुकडे वेचत बसले. ढिम्म माणूस! भांडायलासुद्धा मजा येत नाही.

११ मार्च, मंगळवार

बोट आता मागच्या अंगणात. दुकानदाराने सांगितलंय — भरून थोडे दिवस ठेवा, हवा टिकते का बघा, मगच पाण्यात उतरा. रोज उठून ह्यांचं तिला दाबून बघणं चाललंय.

त्यात आणखी एक खूळ. माशी फेकायची मोकळी दोरी बोटीच्या तळाशी पडलेली असते, ती कशातही अडकते म्हणे. कडी, बक्कल, बुटाची नाडी — काही म्हणजे काही वर आलेलं चालत नाही. म्हणून सगळ्या कड्यांवर चिकटपट्टी मारली आणि तळाला अंथरायला माझ्याकडून गुळगुळीत कापड शिवून घेतलं. गिऱ्हाइकांचे पडदे पडून आहेत आणि मी बोटीला चादर शिवतेय! नाही म्हणायला हवं होतं. चांगली दुहेरी शिलाई घातली.

मला भीती वाटते. इथे लिहायला काय हरकत आहे? तळ्याच्या मधोमध छातीत कळ आली तर हाक कोणाला मारणार? माशांना?

एकदासुद्धा म्हणाले नाहीत, तू चल. मी गेले नसतेच. मला पोहता कुठे येतं! पण विचारायला काय जातं माणसाचं?

१२ मार्च, बुधवार

पहाटे अंगणात गेले. हवेच्या वॉल्व्हचं झाकण फिरवलं, आतली खिट्टी बोटाने दाबली. थोडीच सोडली हवा. झाकण पुन्हा लावून टाकलं.

उठून बघतात तर बोट मऊ! साबणाच्या पाण्याने इंच न् इंच पुसून काढली, बुडबुडे कुठे येतात ते शोधायला. येतील कुठून, कप्पाळ! मी खिडकीत बसून चहा प्यायले.

हवा टिकणार नाही. हे जाणार नाहीत. संपलं.

१४ मार्च, शुक्रवार

काल सोडली, आजही सोडली.

आणि आज बघितलं. हे पायाने पंप मारत होते. कालही मारला असणार, परवाही. बोट मऊ झाली की भरायची, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही! जोर लागेल असं काही नको म्हणून मी हवा सोडतेय, आणि त्याच हवेपायी हा माणूस रोज सकाळी धापा टाकतोय. मध्येच थांबले, छातीवर हात ठेवून पायरीवर बसले. ओठ पांढरे.

धावत गेले. "बघा! सांगितलं होतं ना!" ओरडले मीच. वर तोंड करून. "काही नाही गं, दम लागला," म्हणाले.

ह्यांना अक्कल नाही म्हणून इतकी पानं भरली. आता स्वतःला काय म्हणू?

१५ मार्च, शनिवार

पहाटे मीच पंप मारला. गुडघ्यांना आई आठवली! बोट टणक करून ठेवली.

हे उठले, दाबून पाहिलं. "अरे वा! आज टिकली." चेहरा असा की जसं बोटीने ह्यांना नोकरीत परत घेतलं. मग माझ्याकडे न बघता — "उद्या जातो म्हणतो तळ्यावर."

"मी येणार," म्हटलं. "बुडालात तर निदान सांगायला कोणी हवं."

"बरं," म्हणाले. बस्स, बरं! सामान कुठे ठेवणार ते नाही विचारलं मी.

१६ मार्च, रविवार

जाऊन आलो. अंग मोडलंय.

दोघांनी तरंगायची जॅकेट घातली. मी त्यात कोंबलेल्या गादीसारखी. चपला काठावर काढायला लावल्या, दोरी अडकते म्हणून! हे पुढे, मी मागे. वल्ही मीच मारली, ह्यांना हात लावू दिला नाही. पहिल्यांदा गोल गोल फिरलो. मग जमलं. नांगर म्हणजे दोरीला बांधलेला एक लोखंडी गोळा, तो बाजूने सोडला. तर वाऱ्याने बोट आडवीच. मग तो मागून सोडला.

ह्यांची काठी सुरू. दोरी माझ्या डोक्यावरून मागे जायची, पुढे जायची. ती चांगली दिसते, हे मान्य. पण मासा? एक नाही! समोर टपाटप उड्या मारत होते. दोनदा तर माशी तोंडात घेतलेली मी या डोळ्यांनी पाहिली. "ओढा, ओढा!" ओढली — नुसती माशी परत. "तुमचा हात ढिला आहे. माशांनासुद्धा कळलं, नवखा आहे." मी काही थांबले नाही. हे हसत होते. "आज मासे हुशार आहेत." हुशार! एवढा खटाटोप, एवढी हवा, आणि शेपूटसुद्धा नाही. परतीच्या वाटेवर गाडीतही तेच सुनावलं. किती दिवसांनी एवढं बोललो, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. म्हणजे मी बोलले.

१७ मार्च, सोमवार

ह्यांची टोपी धुवायला घेतली. कालची माशी तिच्यातच खोचलेली. टोचेल म्हणून जपून धरली, तर टोचेना. गळाचं टोक नाही. वाकडा भाग पकडीने साफ कापून टाकलेला.

डबी काढून पाहिली. लाल, पिवळ्या, हिरव्या, सगळ्या. एकीलाही टोक नाही.

आणि पकड घेऊन हे बसले होते तो मागचा रविवार, लोकर माझ्या डोळ्याखाली लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशीचा. तेव्हा मी बोटीत बसणार, हे मलासुद्धा माहीत नव्हतं.